सकाळची तुझी, संध्याकाळची माझी

आमच्या आत्याला लोक देवमाणूस म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्यांचं काय जातं? प्रत्येकाने तिच्याकडून आपापला वाटा उचलला आणि तोंड पुसून मोकळा झाला. त्यात मीही आले. मी तिच्याबद्दल बोलायला लागले की आधी चिडते आणि मग रडते. आज निदान लिहिताना तरी नुसतं चिडायचं ठरवलं आहे.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "अख्खा नवरा कुणी दाखवलाच नाही. जो आला तो अर्धा आईचा आणि उरलेला मित्रांचा." विचारणारा हसायचा आणि विषय संपायचा. त्यामागे काय होतं ते तिने मला कधी सांगितलं नाही, आणि मलाही इतर सगळं खोदून विचारायची सवय असून हे कधी विचारावंसं वाटलं नाही.

विशीत ती एका बेकरीत लागली आणि म्हातारी होऊनच बाहेर पडली. मैदा मळायचं काम यंत्राचं होतं, पण मळलेल्या मैद्याचे पावासाठी गोळे तोडायचं काम बायकांचं. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, मध्ये मैद्याचा फुगलेला ढीग आणि पाठीशी भट्टीची धग. गोळा लहान झाला तर भट्टीत करपायचा, मोठा झाला तर मधून कच्चा राहायचा, आणि मुकादम दोन्हीसाठी सारख्याच शिव्या घालायचा. त्यामुळे सगळं सारखं तोडायचं, ही सवय तिच्या हाताला लागली. हाताला लागली तिथवर ठीक होतं. पण ती तिच्या डोक्यात गेली.

घरात ती सफरचंद असं कापायची की मला आणि माझ्या भावाला भांडायला जागाच उरायची नाही. साबणाची नवी वडी आली की दोऱ्याने मधोमध कापायची, अर्धी तिची आणि अर्धी माझ्या आईची. आई वैतागून म्हणायची, "ताई, साबण तरी अख्खा वापरा हो, आपण काही दुष्काळात नाही." त्यावर आत्या म्हणायची, "अख्खा घेतला की मला उगाच चोरी केल्यासारखं वाटतं, वहिनी." हे ती गमतीने म्हणते असंच आम्ही धरून चालायचो.

राहायची आमच्याच घरी, बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर. बाहेरची खोली म्हणजे सगळ्यांची खोली. सकाळी दूधवाला यायच्या आत तिची चादर घडी होऊन उशीखाली गेलेली असायची. तिचं सगळं सामान पलंगाखालच्या एका पत्र्याच्या पेटीत मावायचं. ताप आला तरी ती तिथेच पडून असायची आणि आमच्याकडे आलेले पाहुणे तिच्या पायांशी बसून चहा प्यायचे. एवढ्या वर्षांत तिने स्वतः लावलेलं दार म्हणजे न्हाणीघराचं, तेही बाहेरून कुणी वाजवेपर्यंत.

बेकरी सुटली तेव्हा आमच्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरची एक खोली रिकामी झाली. आत्याने कुणाला न विचारता ती भाड्याने घेऊन टाकली. बाबा रुसले. म्हणाले, "लोक म्हणतील, भावाने बहिणीला घराबाहेर काढलं." आत्या म्हणाली, "लोकांना सांग, वर काढलं." खोलीत एक खाट, एक टेबल, आणि पाण्याच्या टाक्यांकडे उघडणारी एक खिडकी. दाराला आतून कडी नव्हती. ती तिने स्वतः आणली आणि स्वतःच स्क्रू पिळून बसवली.

पहिल्याच दुपारी खाली आम्हाला दार लागल्याचा आवाज आला, मग उघडल्याचा, मग पुन्हा लागल्याचा. मी धावत वर गेले.

"काय चाललंय आत्या?"

"काही नाही गं मिरची," ती म्हणाली. माझ्या जिभेमुळे ती मला लहानपणापासून मिरचीच म्हणायची. "दार लावून बघत होते."

मी खाली येऊन हे आईला सांगितलं, तर आई ओट्याशी उभी राहून चक्क रडली. मला तेव्हा तिचं रडणं फार नाटकी वाटलं होतं.

छातीतली गाठ आत्याच्या हाताला त्याच्या आधीच लागली होती. तिने सांगितलं नाही. खोलीचं चाललं होतं, त्यात मध्येच कशाला विघ्न, असा तिचा विचार. मग पाठ दुखायला लागली. पाठ काय, बेकरीत उभं राहून जन्म गेला, दुखणारच, असं आम्ही सगळेच म्हणालो. शेवटी उठता येईना तेव्हा तपासण्या झाल्या. गाठ छातीत होती आणि तिची पोरंबाळं मणक्यात आणि यकृतात पोचली होती.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांना मी पुढे मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या, तरी हे सांगायला हवं. त्या आत्याशी सरळ तिच्याकडे बघून बोलल्या, माझ्याकडे बघून नाही. म्हणाल्या, "हे पूर्ण बरं करता येणार नाही. रोखून धरता येईल. सलाईनमधून द्यायचं एक औषध आहे, ते काही काळ रोखून धरतं. त्याच्या जोडीला आम्ही आता एक नवीन कॅप्सूल देऊन बघतोय. दोन्ही मिळून जास्त काळ रोखतील असा अंदाज आहे. पण तो अंदाज आहे, आणि तो खरा की खोटा तेच आम्ही तपासतोय."

मग त्यांनी प्रयोगाची पद्धत समजावली. सलाईन सगळ्यांना सारखंच. बाटली सगळ्यांना मिळणार, सकाळी एक आणि संध्याकाळी एक कॅप्सूल. पण अर्ध्या बायकांच्या बाटलीत खरं औषध आणि अर्ध्यांच्या बाटलीत पोकळ, नुसतीच पूड भरलेली कॅप्सूल. दिसायला दोन्ही एक. कुणाला कोणती, ते कॉम्प्युटर ठरवणार, आणि ते ना आम्हाला कळणार ना डॉक्टरांना.

"म्हणजे चिठ्ठ्या टाकणार," मी म्हणाले. माझ्या नाकावर राग आला होता.

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कारण आम्हाला खरंच माहीत नाही. माहीत असतं तर सगळ्यांनाच दिलं असतं."

आत्याला मात्र त्यात काही गैर वाटलं नाही. अर्ध्यांना हे आणि अर्ध्यांना ते, हा तिच्या ओळखीचा हिशोब होता. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "मला फार नको गं. पण त्या खोलीत मी राहिलेच कुठे? एक उन्हाळा झाला जेमतेम. खरी बाटली लागली तर आणखी दोन-तीन वर्षं तरी दार लावून झोपेन." आयुष्यभरात तिने स्वतःसाठी मागितलेलं मला माहीत असलेलं हे एवढंच. म्हणून मला वाटत होतं, निदान या एका गोष्टीत तरी तिने हावरट व्हावं.

सलाईनच्या वॉर्डात एका ओळीत मागे रेलता येणाऱ्या खुर्च्या होत्या, हात ठेवायच्या जागी रेक्झिन फाटून आतला स्पंज दिसणाऱ्या. समोर आवाज बंद केलेला टीव्ही. सलाईन संपत आलं की यंत्र पिपाणीसारखं वाजायचं आणि नर्स येईपर्यंत वाजतच राहायचं. पहिल्याच दिवशी आत्याच्या शेजारच्या खुर्चीतली बाई त्या यंत्रावर ओरडली, "अरे गप की! माझ्या गाडीचा हॉर्न तरी बरा तुझ्यापेक्षा!" अख्खा वॉर्ड हसला. ती शाळेची मुलं ने-आण करणारी व्हॅन चालवायची. आम्ही तिला व्हॅनवालीच म्हणायचो, समोरसुद्धा, आणि तिलाही ते आवडायचं.

व्हॅनवाली आत्यापेक्षा बरीच लहान. नवरा कधीचाच सोडून गेलेला, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी. बरं वाटेल त्या दिवशी अजून गाडी काढायची. "पोरं मला घाबरतात आणि मी पोलिसांना घाबरते, असं आमचं चाललंय," म्हणायची. तिच्या तळहातांची सालं निघायची, लाल झालेले ते हात ती आम्हाला दाखवायची. "स्टिअरिंगला नवीन कव्हर घातलंय. फालतू माल. हात भाजल्यासारखे होतात." आत्या तिला स्वतःच्या पिशवीतलं मलम द्यायची. अर्थातच ट्यूब मधोमध दुमडून, अर्धं तुझं म्हणून.

आत्याच्या तोंडात मात्र फोड आले. असे की पाण्याचा घोट गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. प्रयोगाचं काम बघणारी एक वेगळी नर्स होती, दर खेपेला तेच तेच प्रश्न विचारायची, म्हणून तिचं नाव आम्ही प्रश्नवाली ठेवलं होतं. तिने गुळण्या करायला औषध दिलं आणि म्हणाली, "सलाईननेही फोड येतात हं. त्यावरून काही अंदाज बांधू नका." हे तिने दोघींच्या समोर सांगितलं. मी स्वतः ऐकलं.

पण जीव टांगणीला लागलेला असला की माणूस हवं तेवढंच ऐकतं. व्हॅनवालीने आत्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या धडधाकट तोंडाचा विचार केला आणि तिचा चेहरा पडला. तेव्हा मी खाली औषधांच्या खिडकीवर रांगेत उभी होते. पुढचं मला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर, आत्याच्याच तोंडून.

व्हॅनवाली म्हणाली, "खरी बाटली तुम्हाला लागली. उगाच का तोंड एवढं सोललंय? मला बघा, काही म्हणजे काही नाही. माझ्यात नुसती पिठी भरलीय. मला जन्मात कधी सोडतीत कंगवासुद्धा लागला नाही." असं म्हणून ती हसायला गेली आणि रडायला लागली. पोरीची परीक्षा होईपर्यंत तरी राहू दे, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आत्या म्हणाली, "रडू नकोस. बाटली काढ तुझी."

कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर आत्याने रुमाल पसरला. स्वतःच्या बाटलीतल्या अर्ध्या कॅप्सूल तिला दिल्या. तिच्या अर्ध्या आपण घेतल्या, कारण बाटल्या परत करताना आत उरलेल्या कॅप्सूल मोजायचे आणि त्या कमी पडून चालणार नव्हतं. एकीच्या दुसरीत मिसळू नयेत म्हणून दोघींनी आपापल्या चष्म्याच्या डब्या वापरल्या. आणि आत्याने नियम घालून दिला, "सकाळची तुझी, संध्याकाळची माझी." म्हणजे दोघींनीही सकाळी व्हॅनवालीच्या बाटलीतली घ्यायची आणि संध्याकाळी आत्याच्या बाटलीतली. सकाळची पोकळ, संध्याकाळची खरी, असं दोघींनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. व्हॅनवालीने टेबलावरच आत्याचे पाय धरले म्हणे. टेबलावर पाय कसे धरणार, हात धरले असतील. आत्या सांगताना पाय म्हणाली.

त्यानंतर दर नव्या बाटलीची अशीच वाटणी होत राहिली. माझ्या डोळ्यांदेखत दोघी कँटीनला जायच्या आणि मला वाटायचं, जोडगोळी बरी जमलीय, आत्याला मैत्रीण मिळाली. मैत्रीण तिला खरंच मिळाली होती. बेकरीतल्या बायकांशी तिचं चांगलं होतं, पण आपल्या खोलीत चहाला म्हणून तिने बोलावलेली पहिली बाई व्हॅनवाली. ती जिने चढून धापा टाकत आली, खाटेवर बसली, चारी भिंतींकडे बघून म्हणाली, "आत्याबाई, राजवाडा आहे हो!" आत्याने कडी कशी बसवली ते तिला दाखवलं. मग दोघींनी दार आतून लावून घेतलं आणि मला बाहेर ठेवलं. आत काय खिदळत होत्या देव जाणे.

आत्याच्या तोंडातले फोड बरे होत गेले. आत्या मला म्हणाली, "बघ, त्रास अर्धा झाला." अर्धा का, ते मी विचारलं नाही. व्हॅनवालीचे हातही सुधारले. तिने स्टिअरिंगचं कव्हर काढून फेकलं होतं ना. उलट आत्याच्याच तळहातांची आता थोडीथोडी सालं निघायला लागली. भांड्यांच्या साबणाने होत असेल म्हणून आईने तिला भांडी घासायला बंदी केली. प्रश्नवालीने त्रास विचारला की आत्या सांगायची, "काही नाही, सगळं झकास." तळहाताचा विषय तिने काढलाच नाही. साबणाच्या तक्रारी दवाखान्यात काय सांगायच्या?

व्हॅनवाली अचानक गेली. पुढचा स्कॅन व्हायच्या आधीच. आधी डोळे पिवळे झाले, मग पोट फुगलं. मुलीने तिला घराजवळच्या दुसऱ्याच एका दवाखान्यात नेलं आणि तिथून ती घरी आलीच नाही. मुलीची परीक्षा तोंडावर होती. आम्हाला कळलं ते पुढच्या सलाईनच्या दिवशी, शेजारची खुर्ची रिकामी बघून आत्याने नर्सला विचारलं तेव्हा. आत्या रडली नाही. सलाईन चालू असताना ती त्या फाटलेल्या रेक्झिनमधला स्पंज बोटाने आत ढकलत राहिली. यंत्र वाजायला लागलं तेव्हा सगळ्या वॉर्डाने नकळत त्या खुर्चीकडे पाहिलं.

मग आत्याचा स्कॅन झाला. यकृतातल्या गाठी वाढल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. मी वाईट ऐकायच्या तयारीत होते, पण त्या हसत होत्या. म्हणाल्या, "स्कॅन मनासारखा नाही. पण एक चांगली बातमी आहे. आजार वाढला की त्या बाटलीचं गुपित उघडता येतं, असा नियम आहे. मी विचारून घेतलं. तुम्हाला पोकळ कॅप्सूल होती. म्हणजे खरं औषध तुमच्यावर अजून वापरलंच गेलेलं नाही. आता ते तुम्हाला मिळू शकतं. पूर्ण मात्रेत."

माझा जीव भांड्यात पडला. मी आत्याचा खांदा दाबला. पूर्ण बाटली, फक्त तिची! आत्या नुसती टेबलाकडे बघत राहिली. मला वाटलं, आनंदाने दातखीळ बसली असेल.

डॉक्टरीणबाई पुढे सांगत होत्या. "त्रास काय होतील ते आधीच सांगते. थकवा येईल. आणि तळहातांची सालं निघतील. या औषधाची ती खास खूण आहे. सलाईनने तसं होत नाही, हे कॅप्सूलचंच काम."

आत्याने मांडीवर उलटे ठेवलेले हात सरळ केले, बघितले, आणि मुठी मिटल्या. मी ते पाहिलं आणि मला काहीही कळलं नाही. आता लिहिताना वाटतं, प्रत्येक खूण आमच्यासमोर ओरडत होती. ते लाल हात, ते कव्हर, तो भांड्यांचा साबण. त्या दोघी बिचाऱ्या भीतीने सगळं उलटं वाचत होत्या, आणि मी तर वाचतच नव्हते.

डॉक्टरीणबाई कॉम्प्युटरवर काही टाइप करायला लागल्या. तेवढ्यात आत्याने विचारलं, "व्हॅनवालीचं काय धरलंत?"

"दुसऱ्या पेशंटचं मला सांगता येत नाही."

"नका सांगू. मी आपलं सहज विचारते. एखादी बाई खरं औषध घेत असताना गेली, तर तुम्ही काय धरता?"

डॉक्टरीणबाई थांबल्या. "औषध चालू असताना आजार वाढला, असं धरतो. म्हणजे तिच्यावर औषध चाललं नाही."

"आणि अशा बऱ्याच निघाल्या, तर?"

"तर औषध उपयोगाचं नाही, असं ठरेल."

 इथे आत्या गप्प राहिली असती तर आज ही गोष्ट वेगळी असती, आणि मी देवाशपथ सांगते, मला ती गप्प राहिलेलीच हवी होती. पण तिने दोन्ही मुठी टेबलावर ठेवल्या आणि उघडल्या. तळहातांवर जागोजाग पापुद्रे सुटले होते, खालची कातडी लाल दिसत होती.

"हे तिचं आहे," आत्या म्हणाली. "तिच्या बाटलीतलं. मी खाल्लं."

मग तिने सगळं सांगितलं. रुमाल, चष्म्याच्या डब्या, सकाळची, संध्याकाळची. डॉक्टरीणबाई आधी खुर्चीत मागे रेलल्या, मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? अर्ध्या मात्रेने आजार मरत नाही, नुसता सावध होतो. तुम्ही तिचंही अर्धं केलंत आणि स्वतःच्याही आजाराला रान मोकळं करून दिलंत. आता मी तुम्हाला पूर्ण दिलं तरी ते चालेल याचा भरवसा नाही, आणि द्यायला नियमाने येतच नाही. ज्यांनी आधी घेतलेलं नाही त्यांनाच ते देता येतं."

"आणि ती?" आत्याने विचारलं. "तिचं नीट लिहाल ना? तिला अर्धंच मिळालं म्हणून?"

"तुम्ही दोघी आता हिशोबातूनच बाहेर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिच्या नावावर औषधाचं अपयश नाही लागणार. पण यशही नाही. तुम्ही दोघी जणू आलाच नव्हता, असं धरावं लागेल." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला त्यांची दया आली नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी आत्याला धरून उभी केली आणि सगळ्या जगासमोर भांडले. "कशाला सांगितलंस? कुणी विचारलं होतं तुला? मेलेल्या बाईच्या नावापुढे काय लिहिलंय याचं तुला काय पडलं होतं? बाटली देत होत्या ना तुला? अख्खी! अख्खी बाटली, आत्या! आयुष्यात पहिल्यांदा!"

येणारेजाणारे थबकले. आत्या कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "ओरडू नकोस मिरची. मी तिला दिलं नव्हतं गं. मला वाटत होतं मी देतेय. दर वेळी ती माझे हात धरून रडायची आणि मी म्हणायचे, असू दे, असू दे. मोठेपणा घेत होते मी. आणि खात होते तिचंच."

मी म्हणाले, "तुला काय माहीत होतं?"

ती म्हणाली, "पोटाला माहीत असण्या-नसण्याशी काय करायचंय?"

 रिक्षा केली आणि घरी आलो. बाबांना मी सांगितलं की औषध संपलं. आईला खरं सांगितलं, तर आई म्हणाली, "देवमाणूस आहेत हो ताई." तेव्हापासून तो शब्द मला सहन होत नाही.

पुढे त्या प्रयोगाचा निकाल लागला. सलाईनच्या जोडीला ती कॅप्सूल दिली तर आजार जास्त काळ थांबतो, असं निघालं. आता ती सगळ्यांना देतात, चिठ्ठ्या न टाकता. निकालात ज्या बायकांची मोजणी झाली त्यांत आमच्या दोघी नाहीत. त्यांनी अर्धं-अर्धं काय कमावलं, ते त्यांच्याबरोबरच गेलं. कधी कधी वाटतं, वाटणी न करता व्हॅनवाली नुसती आपल्या नशिबावर रडत बसली असती तरी चाललं असतं. स्वतःला कमनशिबी समजत ती खरं औषध खात राहिली असती.

आत्या जाण्याआधी काही दिवस व्हॅनवालीची मुलगी आली. आत्या तेव्हा वरच्या खोलीत खाटेवरच असायची. खाली आणायला ती कबूल नव्हती, आणि मी आणि आई आळीपाळीने वर जात होतो. मुलगी परीक्षा देऊन मोकळी झाली होती. आईसारखीच उंच आणि रुंद खांद्यांची. दार उघडंच होतं, तरी तिने ते वाजवलं.

खाटेच्या कडेवर बसून ती म्हणाली, "मला आधीच यायचं होतं. आईने सांगून ठेवलं होतं. म्हणाली, सगळी माणसं घ्यायला येतात, आत्याबाईंनी स्वतःच्या तोंडातलं काढून मला दिलं. त्यांना जाऊन भेट. तुमच्यामुळे एवढी तरी टिकले, म्हणायची." आणि तिने आत्याचा हात हातात घेतला.

मी आत्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, नको म्हणून. आत्याने पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. मुलीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि तिला सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं होतं त्यापेक्षा थोडक्यात सांगितलं, पण काही लपवलं नाही.

मुलगी ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं. "पूर्ण मिळालं असतं तर वाचली असती?"

"वाचली नसती," आत्या म्हणाली. "पण आणखी राहिली असती. तुझी परीक्षा होईपर्यंत राहिली असती, असं मला वाटतं."

मुलीने खाली मान घातली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तो तिने घेतला, सगळा पिऊन संपवला, आणि रिकामा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर मी सहन केलं असतं, मला ती भाषा येते.

"तुम्हाला तरी लागू पडायला हवं होतं," ती म्हणाली. "निदान तुम्हाला तरी."

तिने ते रागाने म्हटलं की मायेने, मला आजही सांगता येत नाही. आवाज आईचाच होता, मोठा आणि थोडा घोगरा. तिने ग्लास टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि जाताना दार ओढून घेतलं. आत्या एकटी असायची, हाक ऐकू यावी म्हणून दार हल्ली आम्ही कायम सताड उघडं ठेवायचो. मी ते उघडायला उठले.

आत्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. म्हणाली, "राहू दे."